समांतर अक्षांचा आलेख: सगळ्या अक्षांना एकच स्केल हवं की नको?

सरळरेघ:
पॅरलल कोऑर्डिनेट्समध्ये प्रत्येक मापाला एक उभा अक्ष असतो आणि प्रत्येक नोंदीची एक मोडती रेघ त्या अक्षांवरून जाते. माझं म्हणणं, एकक एकच असेल तर स्केलही एकच हवं. संख्याशास्त्रज्ञ फिशरचा १९३६ चा आयरिस फुलांचा डेटा घ्या: १५० फुलं, तीन जाती, चारही मापं सेंटिमीटरमध्ये. पाकळीची लांबी १.० ते ६.९, निदलाची (सेपल) रुंदी २.० ते ४.४. प्रत्येक अक्ष आपापल्या किमान-कमालपर्यंत ताणला की एक सेंटिमीटर पहिल्यावर १७ टक्के उंची घेतो, दुसऱ्यावर जवळपास ४२! बघणाऱ्याला फैलाव मात्र सारखाच वाटतो. पांडाज (पायथनची डेटा-लायब्ररी) निदान सगळ्यांना एकच वाय-अक्ष देतं.

आकडेमोड:
असहमत. तेच पांडाज एमटीकार्स या सरावाच्या डेटातल्या ३२ गाड्यांवर चालवा. डिस्प्लेसमेंट (इंजिनाचं आकारमान) ४७२ घनइंचांपर्यंत जातं, मायलेज १०.४ ते ३३.९. मायलेज तळाला चिकटतं, सिलिंडर ४ की ८ हेही कळत नाही.

सरळरेघ:
'एकक एकच असेल तर' असं लिहिलंय. वाचा की राव.

आकडेमोड:
वाचलं. आयरिसवरही पटत नाही. हा आलेख अंतरं मोजायला नाही, संबंध बघायला काढतात. पाकळीची लांबी आणि रुंदी यांचा सहसंबंध ०.९६ आहे. अक्ष ताणले की मधल्या रेघा बऱ्यापैकी समांतर जातात, नजरेत भरतात. तुमच्या सामाईक स्केलवर रुंदी ०.१ ते २.५ मध्येच आटोपते आणि सगळ्या रेघा नरसाळ्यात ओतल्यासारख्या खाली गोळा होतात.

पाटीपेन्सिल:
तुम्ही एकाच आलेखावरून भांडताय. खरा घोळ शेजारी-शेजारी आलेख ठेवले की होतो. आमच्याकडे एकाने जातीनुसार तीन चौकटी काढल्या, प्रत्येकीला आपोआप स्केल. सेटोसाच्या पाकळीची रुंदी ०.१ ते ०.६, व्हर्जिनिकाची १.४ ते २.५, आणि दोन्हीकडे अक्ष खालपासून वरपर्यंत भरलेला. जातींमधला फरक गायब! किमान-कमाल सगळ्या १५० फुलांवरून काढा आणि तिन्ही चौकटींत तेच बसवा. प्लॉटली या आलेख-लायब्ररीत प्रत्येक अक्षाला रेंज देता येते, लोक आळसाने सोडून देतात.

आकडेमोड:
+१. इथे वादच नाही.

सरळरेघ:
बरं, मूळ मुद्द्यावर मधली वाट: चारही अक्षांना ५.९ सेंमीचाच पल्ला द्या, सुरुवात हवी तिथून करा. सेंटिमीटर सगळीकडे सारखाच राहील.

आकडेमोड:
रेघा तरीही गोळा होणारच, तळाऐवजी मध्यावर. शिवाय सुरुवात वेगवेगळी असल्याने प्रत्येक अक्षाच्या दोन्ही टोकांना आकडे छापावे लागतील.

सरळरेघ:
ते तुमच्या ताणलेल्या अक्षांनाही छापायलाच हवेत. किती जण छापतात?

पाटीपेन्सिल:
आणि किमान-कमाल ठरतं दोन टोकाच्या नोंदींवर. कुणी २.५ च्या जागी २५ टाइप केलं की बाकी सगळी फुलं खालच्या दहाव्या हिश्शात. त्यापेक्षा आर भाषेतलं जीजीपारकोऑर्ड हे फंक्शन मुळातच सरासरी आणि प्रमाण विचलन वापरतं, तेही २५ ने हलतंच म्हणा. मी आधी प्रत्येक मापाचा साधा हिस्टोग्राम बघतो, मग स्केलचं ठरवतो.