'सायटेशन इम्पॅक्ट'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, मदत हवीय. विज्ञान दिनाच्या अंकासाठी विली डान्सगार्डवर लेख लिहितेय, तोच तो डॅनिश शास्त्रज्ञ ज्याने १९५२ साली कोपनहेगनला घरच्या बागेत बिअरच्या बाटलीत नरसाळं खोचून पाऊस गोळा केला, आणि पाण्यातला जड ऑक्सिजन किती यावरून ढग किती गार होता ते कळतं हे ओळखलं, आणि मग डोक्यात आलं की ग्रीनलंडचा जुना बर्फ तपासला तर जुनं हवामानही कळेल. आता लेख अडलाय दोन शब्दांवर, आइस कोअर, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून काढलेला लांब दांडा, आणि सायटेशन इम्पॅक्ट, म्हणजे एखाद्या लेखाचा उल्लेख इतर शास्त्रज्ञ आपल्या लेखांत किती करतात त्यावरून मोजलेला प्रभाव. दुसऱ्याला भाषांतराच्या मशीनने दिलं 'उद्धरण प्रभाव'. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, कुणाचा उद्धार करतेयस?

— ताई, सासूबाई बरोबर आहेत पण शब्द तसा वाईट नाहीये. उद्धरण म्हणजे मुळात वर काढणं, दुसऱ्याच्या लेखातून ओळ वर काढली की ते उद्धरण. ग्रीनलंडला कॅम्प सेंच्युरी या आपल्या तळावर अमेरिकनांनी १९६६ ला जवळपास १,३९० मीटर खोल भोक पाडून बर्फ वर काढला, तेही उद्धरणच की! पण बोलताना उद्धार म्हटलं की शिव्याच आठवतात, त्यामुळे मी 'दाखला' म्हणेन. दाखला देणे, सरळ आहे.

— दाखला म्हटलं की मला तहसील कचेरीची लाइन दिसते हो दादा.

— दिसू दे, सवय होईल. माझं भांडण आइस कोअरच्या 'हिमगाभा'शी आहे, पुस्तकात तोच छापतात. गाभा म्हणजे मधला भाग, केळीच्या खोडाचा असतो तसा. हा तर वरपासून तळापर्यंत कापून काढलेला गोल दांडा! आम्ही भूगर्भवाले खडकाच्या दांड्याला आयुष्यभर कोअरच म्हणत आलो, खोक्यात ओळीने मांडून ठेवायचो. आणि हिम कशाला? पडतं ते हिम, वरच्या थरांनी दाबून घट्ट झालं की बर्फ, आणि मधे अडकलेली हवा म्हणजे त्या काळची हवा. गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाचे असे कोअर आहेत. 'बर्फाचा कोअर' लिहा, कुणी अडणार नाही.

— इम्पॅक्टला मात्र प्रभाव नको, 'वजन' बघा. त्याच्या शब्दाला वजन आहे, असं आपण म्हणतोच. गंमत अशी की सायटेशनवाले वजन करत नाहीत, मोजतात. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये एच-इंडेक्स काढला, ४० लेखांना प्रत्येकी किमान ४० दाखले मिळाले तर इंडेक्स ४०. म्हणजे डान्सगार्डचा पाऊस-बर्फातल्या आयसोटोपवरचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या अणूंवरचा, १९६४ चा लेख, ज्याचे दाखले हजारोंनी आहेत, तो इंडेक्समध्ये भर घालतो फक्त एकाची. आणि खरा घोटाळा पुढेच आहे, गेल्या हिमयुगात ग्रीनलंड मधेमधे काही दशकांतच झपकन तापायचं, त्याला 'डान्सगार्ड-ओश्गर घटना' म्हणतात. आता नाव घेतलं की झालं, मूळ लेखाचा दाखला कोण देतोय? साठ वॉटचा बल्ब मागताना आपण जेम्स वॉटचा देतो का? म्हणजे वजन वाढलं की मोजणीतून माणूस गळतो.

— यात 'एट अल'ही घ्या, दाखल्यात पहिल्या लेखकाच्या नावापुढे बाकीच्यांसाठी लिहितात ते. मराठीत 'आणि इतर' किंवा जुना झकास शब्द 'प्रभृती'. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक या रशियन तळावरच्या कोअरवरचा १९९९ चा लेख, ४,२०,००० वर्षांचं हवामान, लेखक १९, दाखला मात्र 'पेटी प्रभृती'. त्या प्रभृतीत पंधराव्या नंबरावर फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद लोरियस! ज्याने १९६५ मध्ये अंटार्क्टिकात व्हिस्कीत बर्फाचा तुकडा टाकला, बुडबुडे सुटताना पाहिले आणि ही जुनी हवा आहे हे त्याच्या डोक्यात आलं. पहिल्या तिघांनंतर नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने आहेत, त्याचा एल पंधरावा आला.

— मग ठरलं, 'दाखल्यांचं वजन'. कोअर कोअरच. एच-इंडेक्ससाठी एक चौकट टाकते. सासूबाईंना परत वाचून दाखवलं, वजन चाललं, पण बिअरची बाटली शाळेच्या अंकात नको म्हणाल्या. नुसती 'बाटली' लिहिली तर जास्तच वाईट दिसेल ना?

— 'काचेची बाटली' लिहा. नरसाळं ठेवा मात्र, हल्ली तो शब्द पोरांच्या कानावरच पडत नाही.