अनुभव धागा: मोबाइलवर नेट चालतं, पण कॉम्प्युटरला आयपीच मिळत नाही

पावसाळा तोंडावर आला की आमच्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यात ही तक्रार हमखास सुरू होते. मोबाइलवर वायफाय मस्त, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पिवळा त्रिकोण. मग तालुक्याहून पोरगा येतो, इकडेतिकडे क्लिक करतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागते." आधी हे वाचा, मग काय मारायचं ते मारा.

आयपी म्हणजे नेटवर्कमध्ये कॉम्प्युटरला ओळखायचा आकडी पत्ता. कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' टाका. आयपीव्ही४ (नेहमीचा चार आकड्यांचा पत्ता) या ओळीपुढे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो राउटरने दिलेला नाही. जोडणी झाली की कॉम्प्युटर "कोणी पत्ता देता का" अशी हाळी देतो, राउटर एक पत्ता पुढे करतो, कॉम्प्युटर तोच मागून घेतो आणि राउटर ठराविक मुदतीसाठी तो त्याच्या नावावर करतो. ही झाली डीएचसीपी. हाळीला उत्तरच आलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता लावून बसतं. हे विंडोज ९८ पासून चालत आलंय. म्हणजे बिघाड कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधला आहे, कंपनीच्या कॉल सेंटरला शिव्या घालून उपयोग नाही. आकडा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल आणि तरी नेट नसेल, तर दुखणं बहुतेक पुढचं.

तुमच्याकडे काय झालं आणि कशाने सुटलं ते लिहा. नुसतं "रिस्टार्ट केलं, झालं" नको.

घाटंजी तालुका, घरी टॅलीचं काम

आमच्याकडे लाइन गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राउटर बाहेरच्या खोलीत साध्या बोर्डावर. मधे एक छोटा नेटवर्क स्विच (राउटरची एक वायर अनेक कॉम्प्युटरला वाटणारा डबा) आहे, तोही इन्व्हर्टरवरच. लाइन आली की राउटर नव्याने सुरू होतो, पण स्विचमुळे कॉम्प्युटरची वायर 'जोडलेलीच' दिसते, त्यामुळे राउटर मेला होता हे त्याला कळतच नाही. त्या अंधारात कॉम्प्युटर चालू केला असेल तर १६९.२५४ ठरलेलं. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारून पाहतं, पण तेवढा धीर कुणाला! वायर काढून परत लावली किंवा 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू' दिलं की लगेच येतं. शेवटी राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, सगळे १२ व्होल्टचे नसतात.

दर्यापूरकडचा भाऊ

मायावाला किस्सा वेगळा हाय. पुतण्यानं वरच्या खोलीत रेंज येत नाई म्हणून जुना राउटर लावला, एकाच्या लॅन (वायरवाल्या नेटवर्कच्या) भोकातून दुसऱ्याच्या लॅन भोकात वायर टाकून. आता घरात दोन राउटर, दोघंही पत्ते वाटू राहिले. ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता! सकाळी कॉम्प्युटरले १९२.१६८.१ वाला भेटे, नेट चाले. दुपारी १९२.१६८.० वाला भेटे आन नेट बंद, काहून की त्या जुन्या राउटरच्या मागं इंटरनेटच नाई. १६९ काही दिसेना, म्हणून कोणाच्या ध्यानात येईना. 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' मंधी डीएचसीपी सर्व्हरची ओळ पाह्यली तवा चोर सापडला. जुन्या राउटरची डीएचसीपी बंद केली, त्याले १९२.१६८.१.२ दिला, आता बेस चालते. पोट्ट्याले रागावलो नाई, रेंज तर आली ना बावा.

जि. प. शिक्षिका, मेहकर तालुका

मिस्टरांचा ऑफिसचा लॅपटॉप घरी चालेना. तिथे कुणीतरी हाताने कायमचा आयपी भरून ठेवला होता, १० ने सुरू होणारा. रनमध्ये 'एनसीपीए डॉट सीपीएल', ॲडॉप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, तिथे 'ऑटोमॅटिकली' केलं. डीएनएसचंही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) खालचं बटण बदलायचं असतं, ते विसरू नका.

आपले सरकार केंद्र, उमरखेड परिसर

पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. थांबलेल्यांना वायफायचा पासवर्ड सांगावाच लागतो, लोक काय नुसतं भिंतीकडे पाहत बसतील? राउटर बसवणाऱ्याने वाटपाची हद्द (पत्त्याचा शेवटचा आकडा) .१०० ते .१२० एवढीच ठेवली होती, म्हणजे जेमतेम २१ पत्ते, आणि मुदत २४ तास. माणूस फॉर्म भरून गावी पोचला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेला. ऐन गर्दीत माझा वायरवरचा कॉम्प्युटर बंद-चालू झाला की त्याला १६९, आणि काउंटरवर दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन हद्द .२० ते .२५० केली, मुदत दोन तासांवर आणली, लोकांसाठी गेस्ट वायफाय वेगळं काढलं. कॉम्प्युटर आणि प्रिंटरचे पत्ते त्यांच्या मॅक क्रमांकावर (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) राखून ठेवले. तेव्हापासून प्रिंटर 'ऑफलाइन' व्हायचाही थांबला.

धागाकर्ता

केंद्रवाल्या दादांनी केलं ते नीट केलं. पण बरेच जण असल्या वेळी सरळ फिक्स आयपी ठोकून देतात, ते मला पटत नाही. तोच पत्ता उद्या एखाद्या मोबाइलला गेला की दोघांची भांडणं. तपासणीपुरता मात्र जरूर द्या. वाटपाच्या हद्दीबाहेरचा पत्ता, त्याखालच्या मास्कच्या रकान्यात २५५.२५५.२५५.०, आणि मग राउटरचं पान उघडतं का पाहा. उघडलं तर वायर ठीक, दोष पत्ते वाटण्यात. नाही उघडलं तर वायर नाहीतर पोर्ट.

आर्वीजवळ, शेतातलं घर

पोर्टवरून आठवलं. मृगाच्या आधीच्या कडकडाटात आमचा लॅन पोर्ट अर्धा मेला. अर्धा म्हणजे दिवा लागे, विंडोज 'कनेक्टेड' म्हणे, पण पत्ता काही येईना. मेकॅनिक ड्रायव्हर टाकत बसला. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, आमच्याकडे ती लाइटच्या तारेतून ॲडॉप्टरवाटे आली. राउटरचं दुसरं भोक बदलून पाहिलं, तेच. यूएसबीला लावायचा लॅन ॲडॉप्टर आणला आणि पहिल्या झटक्यात १९२.१६८ आला. आता ढग दाटले की दोन्ही प्लग आणि लॅनची वायर काढून ठेवतो. उंदरांचंही पाहा, १, २, ३, ६ यातली एक तार कुरतडली तरी पुरे.

चिमूरकडून

कॉम्प्युटर 'फास्ट' करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर भाच्याने टाकलं, त्याने डीएचसीपी क्लायंट सेवाच बंद करून ठेवली. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ऑटोमॅटिक केली, ते सॉफ्टवेअर काढून टाकलं.

अचलपूर, निवृत्त

आमच्याकडे पत्ता बरोबर, राउटर पिंग होतो (म्हणजे हाक मारली की उत्तर देतो), मोबाइल चालतो, पण कॉम्प्युटरवर बँकेची साइट म्हणते 'सुरक्षित नाही'. खाली कोपऱ्यात तारीख २००९ ची! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, लाइन गेली की घड्याळ मागे. धाग्याच्या विषयात बसत नाही, पण आयपीच्या मागे लागण्याआधी तारखेवर एक नजर टाका.