प्रभागाच्या हवेसाठी नेमके काय मागावे : फवारणीगाडी, मनोरा की साइडपट्टी?

टेकडीपायथा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. मी पुण्याच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. आमच्या परिसरातील नऊ गृहसंस्थांनी मिळून एक समिती स्थापन केली असून, अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपल्या भागातील कामे सुचवण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग या वर्षी हवेच्या प्रदूषणासाठी करावा असे आम्ही ठरवले आहे. आजवर आम्ही बाके, दिवे आणि फलक यांपलीकडे काही मागितलेले नाही.

पहिल्याच बैठकीत मतभेद झाले. काही सभासदांना पाण्याचे तुषार उडवणारी फवारणीगाडी हवी आहे. काहींना चौकात हवा शुद्ध करणारा मनोरा हवा आहे, कारण तो लांबून दिसतो आणि त्यावर पाटी लावता येते (हे कारण कोणी बोलून दाखवले नाही, तरी सर्वांना समजले). उरलेल्यांचे म्हणणे, झाडे लावा आणि विषय मिटवा.

मी रोज सकाळी साडेसहाला फिरायला जातो, तेव्हाचे माझे निरीक्षण असे आहे. बसथांब्यापासून नाल्यावरच्या पुलापर्यंत रस्ता डांबरी आहे, मात्र डांबर संपते तिथून पदपथापर्यंत दोन-अडीच हात नुसती माती आहे. रिक्षा थांब्याकडे वळली की ती माती उठते, आणि पुलाचा कठडा सकाळी पुसला तरी संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येते. पुढे दोन मोठी बांधकामे आणि एक आरएमसी प्लांट (तयार काँक्रीट बनवणारा कारखाना) असल्यामुळे डंपरांची ये-जा सतत चालू असते. त्याच वाटेवर पहाटे दोन ठिकाणी पालापाचोळा जळत असतो.

काही लाख रुपयांच्या कामांतून हवेत खरोखर फरक पडू शकतो का? पडत असल्यास पहिले काम कोणते मागावे? आणि फरक पडला हे पुढच्या वर्षी दाखवायचे कसे?

खडीमुरूम

मी एका महापालिकेच्या पथ विभागातून सेवानिवृत्त झालो आहे. आपण पुलाचा कठडा पाहिलात, म्हणजे निम्मे सर्वेक्षण झालेच.

ती दोन-अडीच हात माती म्हणजे साइडपट्टी. रस्त्याच्या निविदेत डांबरीकरणाची रुंदी ठरलेली असते, पदपथाचे काम पुष्कळदा वेगळ्या निविदेत आणि वेगळ्या वर्षी निघते, आणि मधली पट्टी कोणाच्याच प्राकलनात, म्हणजे खर्चाच्या अंदाजात, येत नाही. वाहन त्या पट्टीवर उतरते, चाकाला लागलेली माती डांबरावर येते, तिथे शेकडो चाकांखाली दळली जाऊन तिचे पीठ होते आणि मग जाणारी प्रत्येक बस ते पीठ उचलते. फवारणीगाडीने ते तासाभरासाठी खाली बसेल, पण ऊन चढले की पुन्हा उठेल. म्हणून पहिले काम साइडपट्टी पक्की करण्याचे मागावे. जिथे वाहने उतरतात तिथे पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घालावे, जिथे उतरत नाहीत तिथे कर्ब (कडेचे उंच दगड) बसवून आत गवत किंवा झुडपे लावावीत. उतार मात्र पावसाळी गटाराच्या चेंबरकडेच असला पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात वरची माती वाहून पुन्हा रस्त्यावर येईल.

दुसरे काम जवळजवळ फुकटात होण्यासारखे आहे. आपल्याकडील दुभाजकांत माती कर्बच्या वर येईपर्यंत भरतात आणि वर झाडे लावतात. टँकरने पाणी घातले की गढूळ ओघळ दोन्ही बाजूंना रस्त्यावर उतरतात, वाळतात आणि त्यांची धूळ होते. उद्यान विभाग पाणी घालतो, घनकचरा विभाग झाडतो आणि पथ विभागाचा याच्याशी संबंध नसतो. दुभाजकातील माती कर्बच्या माथ्यापासून चार बोटे खाली उतरवून घ्या. चार कामगार आणि एक ट्रॉली एवढ्यात ते होते.

झाडलोटीचेही तसेच आहे. यांत्रिक झाडूगाडी कर्बला चिकटून चालली तरच तिचा उपयोग, कारण धूळ कडेला साचते. कडेला मोटारी उभ्या असल्यामुळे ती गाडी रस्त्याच्या मधून, म्हणजे मुळात स्वच्छ असलेल्या भागातून फिरून जाते आणि नोंदवहीत किलोमीटर भरतात. सम-विषम तारखांना एकेका बाजूचे पार्किंग मोकळे ठेवण्याचे पत्र वाहतूक शाखेला द्यावे लागेल, त्याला निधी लागत नाही.

खोदाईबद्दल थोडेच लिहितो. चर बुजवताना उकरलेली मातीच परत टाकून वर डांबराचा पापुद्रा चढवला, तर महिन्याभरात तो खचतो. परवानगीत रस्ता पूर्ववत करण्याची अट असतेच. कोणत्या रस्त्यावर, किती मीटर आणि किती दिवसांसाठी खोदाईला परवानगी दिली, एवढी यादी माहितीच्या अधिकारात मागवून घ्या.

सूक्ष्मकण

मी हवेच्या मोजमापाच्या क्षेत्रात काम करतो. वरील सूचना मला पटतात, पण त्या जशाच्या तशा स्वीकारल्या तर समितीची एक चूक होण्याचा संभव आहे. दिसणारी धूळ आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे. रस्त्यावरून उठणारी धूळ बहुतांशी पीएम १० मध्ये आणि त्याहून मोठ्या कणांत मोडते, तर पालापाचोळा, लाकूड, कोळसा आणि डिझेल जळताना निघणारे कण मुख्यतः पीएम २.५ मध्ये येतात. हे बारीक कण नाकात अडकत नाहीत आणि तुषारांनी फारसे खाली बसत नाहीत. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत आणि पुणे त्यांपैकी एक आहे. २०१७ च्या तुलनेत कणांचे प्रमाण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे मूळ उद्दिष्ट पुढे वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले. तथापि शहरांचे मूल्यमापन प्रत्यक्षात पीएम १० वर होत राहिले, आणि त्यामुळे देशभर या कार्यक्रमाच्या निधीचा मोठा हिस्सा रस्ते, झाडूगाड्या आणि फवारे यांवर गेला. ती कामे निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही, परंतु जे मोजले जाते तेच सुधारण्याकडे कल होतो. म्हणून आपल्या वाटेवरच्या त्या दोन शेकोट्या यादीत साइडपट्टीच्या खाली जाऊ देऊ नका.

मनोऱ्याबाबत एवढेच सांगतो की, दिल्लीत कनॉट प्लेसजवळ ऑगस्ट २०२१ मध्ये सुमारे २४ मीटर उंचीचा मनोरा सुरू झाला, आणि पुढे तेथील प्रदूषण नियंत्रण समितीनेच हा उपाय व्यवहार्य नसल्याचे मत दिले. उघड्या मैदानात वातानुकूलन यंत्र लावण्यासारखा तो प्रकार आहे.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. बाल्कनीत लावता येणारे स्वस्त संवेदक प्रकाशाच्या विकिरणावर, म्हणजे कणांवर पडून विखुरणारा प्रकाश मोजून, चालतात. दमट हवेत ते आकडा फुगवून दाखवतात आणि जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही. डंपर गेल्यावर डोळ्यांत माती जाते आणि यंत्रावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही, असा अनुभव आपणास येईल. धूर टिपण्यासाठी ते जरूर वापरा, साइडपट्टीचे यश मोजण्यासाठी वापरू नका. शिवाय ऑक्टोबरचा आकडा जानेवारीशी ताडून पाहू नये. हिवाळ्यात पुण्यावर रात्री थंड हवेचा थर तळाशी साचतो आणि त्यावर उबदार हवेचे झाकण बसते, त्यामुळे काहीही न करता जानेवारी वाईट दिसतो आणि जुलै उत्तम दिसतो. तुलना जानेवारीची जानेवारीशीच करावी. (याच कारणाने साडेसहाचा फेरफटका थंडीत साडेआठवर नेलात तर बरे.)

हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकावरही (एक्यूआय) विसंबू नये. आपल्या देशातील निर्देशांकात १०० पर्यंतची हवा ‘समाधानकारक’ ठरते, आणि पीएम २.५ साठी १०० म्हणजे चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची चोवीस तासांची शिफारस १५ आहे.

भायखळा_पूर्व

बांधकामांविषयी मुंबईचा अनुभव सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार एक एकराहून मोठ्या प्रकल्पांना ३५ फूट आणि त्याहून लहान प्रकल्पांना २५ फूट उंच पत्रे, इमारतीभोवती हिरवे कापड किंवा ताग, तुषारफवारणी, झाकलेली वाहने आणि फाटकाशी चाके धुण्याची सोय बंधनकारक झाली. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस हवा फारच बिघडली, तेव्हा भायखळा आणि बोरिवली पूर्व येथील बांधकामे सरसकट थांबवण्यात आली. आमच्या खिडकीसमोरचे कामही त्यात थांबले.

माझ्या खिडकीतून दिसलेले लिहितो. पत्रे उभे राहिले आणि ते उत्तम दिसतात, पण अठराव्या मजल्यावर टाइल कापणाऱ्या यंत्राची पांढरी धूळ पत्र्यांना वळसा न घालता सरळ आमच्याकडे येते. त्या यंत्राला पाण्याची बारीक नळी जोडली की धूळ जागीच चिखल होऊन बसते. काही दिवस ती जोडलेली होती, पुढे पाणी खालच्या मजल्यावर झिरपते म्हणून काढली गेली. चाके धुण्याचा खड्डा गाळाने भरला की डंपर त्यातून उलट जास्त चिखल घेऊन बाहेर पडतो. तेव्हा पत्रे आहेत का, एवढेच पाहू नका. फाटकाबाहेर डांबरावर चाकांचे मातकट पट्टे किती लांब गेले आहेत ते पाहा, कारण खड्डा कामाचा आहे की नाही हे त्या पट्ट्यांवरूनच कळते.

टेकडीपायथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूक्ष्मकण यांच्या उत्तरानंतर मी त्या दोन शेकोट्यांची चौकशी केली. एक सुरक्षारक्षकांची निघाली. त्यांना रात्रपाळीसाठी पत्र्याची केबिन दिली आहे, पण तिला दार नाही, आणि ते जे जाळतात त्यात पॅकिंगचे प्लास्टिकही असते. दुसरी झाडलोट करणाऱ्या ताईंची. त्यांचे म्हणणे असे की पालापाचोळा उचलणारी गाडी आठवड्यातून एकदा येते आणि तोवर ढीग तसाच राहिला तर मुकादम त्यांनाच बोलतो. दोघांनाही दंड करावा, असे आमच्या समितीतील एका सभासदांचे मत आहे. मला ते पटत नाही.

दोनचाकी_पायडल

दंड केलात तर शेकोटी पहाटे साडेसहाऐवजी चारला पेटेल. रक्षकांच्या केबिनला दार आणि विजेवरचा हीटर देणे नऊ गृहसंस्थांना जड नाही, त्यासाठी अंदाजपत्रकाची वाट कशाला पाहायची? पानांसाठी टेकडीच्या कडेला जाळीचे खड्डे करून द्या, म्हणजे ताईंना ढीग राखत बसावे लागणार नाही. बांधकामावरील मजूर लाकडावर स्वयंपाक करत असतील, तर ठेकेदाराने त्यांना पाच किलोचे गॅस सिलिंडर पुरवावेत, अशी मागणी विकसकाकडे लेखी करा.

वाहतुकीबद्दल या चर्चेत कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. पीयूसी प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नका. त्या तपासणीत पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तसेच डिझेलच्या गाडीच्या धुराची घनता एवढेच पाहतात, सूक्ष्म कणांचे वजन कोणी करत नाही. पुण्यात २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर झाले, पण पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर ते उतरले नाही. प्रभागाच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. वाहनांच्या धुराचे प्रमाण मोठ्या रस्त्यापासून पहिल्या शे-दीडशे मीटरांत सर्वाधिक असते. आपल्याकडील शाळेचे फाटक मुख्य रस्त्यावर उघडत असेल आणि शाळा सुटताना बस इंजिन चालू ठेवून तिथेच उभ्या राहत असतील, तर मुलांची ये-जा मागच्या गल्लीतून करता येते का, हे शाळेला विचारा. भिंतीत एक दार पाडण्याचा खर्च तो काय!

झाडे लावा, पण पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये कमरेइतक्या उंचीचे दाट कुंपण लावा. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडून फांद्यांचे छत झाले, तर धूर खालीच कोंडतो.

टेकडीपायथा

काल बैठक झाली. फवारणीगाडीचा आग्रह सुटला, मनोऱ्याचा अर्धा सुटला. साइडपट्टी आणि दुभाजक यांचा अर्ज आम्ही करीत आहोत. केबिनचे दार आणि हीटर यांसाठी तीन गृहसंस्थांनी तिथेच होकार दिला. मोजणीसाठी एक वही केली आहे. तीत पेटलेल्या शेकोट्या आणि ताडपत्री नसलेले डंपर यांची संख्या, ठराविक बाल्कनीतून, ठराविक वेळी, आठवड्यातून दोनदा लिहायची. बांधकामांबाबत आमच्याकडे अजून एकमत नाही, कारण त्यांतील एका इमारतीत समितीच्या दोघांनी सदनिका आरक्षित केल्या आहेत.

खडीमुरूम

साइडपट्टीची लांबी पावलांनी मोजू नका, टेप घेऊन जा. अर्जात लांबी, सरासरी रुंदी आणि दोन्ही टोकांच्या पक्क्या खुणा (बसथांब्याचा खांब, पुलाचा कठडा) लिहा आणि दुपारच्या उजेडात काढलेली छायाचित्रे जोडा. कनिष्ठ अभियंता जागेवर येईल त्या दिवशी समितीतील एक जण तिथे हजर असावा. प्राकलन डिसेंबरपूर्वी झाले आहे याची खात्री करून घ्या, कारण मार्चच्या तोंडावर अशा किरकोळ तरतुदी वर्गीकरणात (निधीच्या फेरवाटपात) दुसऱ्या कामाकडे वळतात आणि ते कळायला जून उजाडतो.