रणगाडे पाहायला निघालेली मुले आणि सोबतची मोठी माणसे

युद्धाचा इतिहास दाखवणाऱ्या संग्रहालयात शाळेची सहल जाते, तेव्हा सोबत गेलेल्या पालक-शिक्षकांना मुलांची मोजदाद करण्याखेरीज त्यांच्या प्रश्नांना उत्तरेही द्यावी लागतात. ठाणे आणि नवी मुंबईतून अशा सहलीबरोबर गेलेल्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. मुलांनी काय विचारले आणि आपण काय सांगितले, हे विशेषकरून लिहावे.

इतिहास शिक्षिका, ठाणे

आमची आठवीची सहल मुरबाड-माळशेजमार्गे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली होती. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात रणगाडे उघड्यावर मांडलेले असल्यामुळे मुलांना ते चहूबाजूंनी पाहता येतात. सुरुवातीला ‘वेग किती’ आणि ‘गोळा किती लांब जातो’ याच्या पलीकडे कोणी जाईना. पाकिस्तानकडून जिंकून आणलेल्या पॅटन रणगाड्यापाशी मी १९६५ ची असल उत्तरची लढाई सांगितली: शेतांत पाणी सोडल्यामुळे उसात रुतलेले पॅटन, आणि जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने त्यांना एकामागून एक टिपणारे परमवीर अब्दुल हमीद. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला अपेक्षितच होत्या, कारण हीच हकिगत ऐकून माझ्या शाळेतल्या आमच्या वर्गानेही टाळ्या वाजवल्या होत्या.

सेंच्युरियनजवळ मात्र मी मुद्दाम वेळ काढला. त्याच्या बुरुजात तिघे बसतात आणि चालक पुढे खाली असतो. सामानातली दोरी जमिनीवर गोल मांडून मी तिघांना त्यात दाटीवाटीने बसवले, पाण्याचा भरलेला पाच लिटरचा कॅन तोफगोळा म्हणून एकाच्या हातात दिला आणि दुसऱ्याला धक्का न लावता तो पुढे ‘भरायला’ सांगितले. दोन मिनिटांत एकाचे कोपर दुसऱ्याच्या नाकावर बसले, एकाचा चष्मा पडला आणि तिसऱ्याने विचारले, “बाई, याला दार कुठे असते?” त्यानंतर सांगितलेली अरुण खेत्रपाल यांची हकिगत मुलांनी अगदी निराळ्या कानांनी ऐकली. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे हे एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्याने पेट घेतल्यावर तो सोडण्याचा आदेश आला, तेव्हा तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. पुढचा भाग सांगावा की नाही, याचा मी आदल्या रात्रीपर्यंत विचार करत होते. २००१ मध्ये त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, पाकिस्तानात गेले असताना लाहोरमध्ये ज्यांच्या घरी उतरले होते, त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनीच त्यांना सांगितले की, तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला.

“मग ते त्याच घरात झोपले?” असा प्रश्न एका मुलीने विचारला. वडील स्वतः सैनिक होते आणि त्यांनी कडवटपणा न धरता निरोप घेतला, एवढे मी सांगितले. ते योग्य होते की नाही, यावर बसमध्ये पार आळेफाट्यापर्यंत वाद चालू होता आणि मी त्यात पडले नाही.

पालक, कोपरखैरणे

मी पुण्यात घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या सहलीबरोबर गेलो होतो. तेथील मिग-२३ विमानापाशी मुलांचा इतका वेळ गेला की बाकीचे पाहणे उरकतेच घ्यावे लागले. आमचे मूळ गाव साताऱ्याजवळ, अपशिंगे मिलिटरीच्या शेजारी आहे; पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले आणि त्यांच्या नावाने ब्रिटिशांनी उभारलेला स्तंभ गावात आहे. हे मी मुलांना सांगताच माझ्याच मुलाने विचारले, “पण बाबा, ते इंग्रजांच्या बाजूने का लढले?” महिन्याचा पगार, पुढे पेन्शन आणि घराण्याची रीत, असे उत्तर मी दिले. शिक्षकांना ते थोडे कोरडे वाटले असावे, परंतु आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांकडून मी हेच ऐकत आलो आहे.

आजोबा, वाशी

नातवाच्या वर्गाबरोबर मीही नगरला गेलो होतो. रणगाडे उत्तम आहेत, तरी माझी हळहळ निराळी आहे. १९७१ मध्ये जिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, ती विक्रांत मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झाले आणि पुढे जहाज भंगारात गेले. नाहीतर एवढा घाट ओलांडायची गरजच पडली नसती.

पालक, खारघर

वर ठाण्याच्या बाईंनी लिहिलेला दोरीचा प्रयोग मला पटला, पण तो आठवीसाठी. आमची सहल चौथीची होती. एका मुलाने विचारले, “आत बसल्यावर आग लागली तर?” आणि सोबतच्या एका काकांनी “अरे, तसे काही होत नसते” म्हणून विषय संपवला. मला ते रुचले नाही. आग लागते, म्हणून वर झाकणे असतात आणि पटकन बाहेर पडण्याचा सराव करून घेतात, असे मी त्याला सांगितले. मुलगा रात्री झोपला नाही म्हणून त्याच्या आईचा फोन आला आणि त्यांचा राग मी समजू शकते, तरी खोटे सांगायला हवे होते असे मला आजही वाटत नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ही सहल सातवीपासून पुढे ठेवावी, असे मी सुचवले. मुख्याध्यापिकांनी ते मान्य केले. काही पालकांचा विरोध कायम आहे, कारण लष्कराची ओढ लहान वयातच लागते असे त्यांचे म्हणणे आहे. यंदा चौथीची मुले वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला जाणार आहेत आणि नगरच्या सहलीसाठी सातवीच्या पालकांकडून संमतिपत्रे घेणे चालू आहे.