मदत हवी आहे: युरिक अ‍ॅसिडसाठी डाळ, वांगं, उडीद सगळं बंद केलं, तरी अंगठा सुजतोच

यावलची_लेक
नानांचं (वय ६३) युरिक अ‍ॅसिड ९.२ आलंय. मध्यरात्री पायाचा अंगठा असा ठणकतो की वरून चादर लागली तरी ओरडतात. गेल्या वर्षापासून घरात तूरडाळ, उडीद, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, पालक, वांगं, टोमॅटो, आंबट सगळं बंद आहे. मटण त्याच्या आधीच सुटलं. भात, बटाटा आणि गोड चहा यावर माणूस दिवस काढतोय. भरिताचा हंगाम आहे, मळ्यात सगळे भरीत खाऊन राहिले आणि नाना नुसते बसून. काय खायचं, काय नाही याची खात्रीची यादी हवी आहे, लवकर. कृपया "पथ्य पाळा" सांगू नका, पाळतोच आहोत.

भुसावळ_जंक्शन
ताई, यादी नंतर. क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) किती? बीपी, शुगर आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? नाना घेतात का?

केळीबाग_रावेर
गोखरू आणि गुळवेलीचा काढा, रोज उपाशीपोटी. माझं युरिक अ‍ॅसिड त्यानेच उतरलं. इंग्रजी गोळ्या आधी बंद करा, किडनी जाते.

काउंटर_धुळे
दादा, न बघता कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगू नका. मेडिकलवर उभा असतो, असे पेशंट रोज बघतो.

केळीबाग_रावेर
तुमचं दुकान गोळ्यांवरच चालतं.

यावलची_लेक
भांडू नका हो. बीपी आहे, शुगर नाही. क्रिएटिनिन केलेलं नाही. बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. दुखलं की डायक्लोफेनॅक. युरिक अ‍ॅसिड कमी करायची अ‍ॅलोप्युरिनॉल दिली होती, पण ती सुरू केल्यावरच अंगठ्याच्या दुखण्याचा मोठा अटॅक आला म्हणून बंद केली. नाना दारुडे नाहीत. शनिवारी मळ्यात मित्रांबरोबर बिअर घेतात तेवढीच, उन्हाळ्यात थोडी जास्त. मी खाण्याचं विचारलं होतं.

सातपुडा_पायथा
बिअरमध्ये केमिकल असतं. आमच्या नंदुरबारकडे मोहाची मिळते, झाडाच्या फुलाची. औषधच आहे ती.

काउंटर_धुळे
फुलाची असली तरी तीही दारूच. दारूने किडनीतून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडणं कमी होतं, मग ती मोहाची असो की बाटलीतली. बिअरमध्ये त्यावर प्युरिनही असतं, त्याचंच अंगात युरिक अ‍ॅसिड होतं, म्हणून गाऊटला (युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजतो तो हाच आजार) ती सगळ्यात वाईट. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. घामाने अंगातलं पाणी आधीच कमी, त्यात बिअर.

ताई, सरळ सांगतो, राग मानू नका. तुम्ही नको ते बंद केलं आणि नडतं ते चालू ठेवलं. २००४ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, ४७ हजारांवर पुरुष, १२ वर्षं. मटण, मासे खाणाऱ्यांत गाऊट वाढला. डाळी, पालक अशा प्युरिनवाल्या शाकाहाराने वाढला नाही. दूध-दही घेणाऱ्यांत उलट कमी दिसला. वांग्यात तर प्युरिन नावालाच. नानांना भरीत द्या, कळण्याची भाकरी द्या, ताक द्या. कोल्ड्रिंक आणि साखर कमी करा.

पण पथ्याने आकडा साधारण एकनेच उतरतो. ९.२चा ६च्या खाली आणायला औषध लागतं. अ‍ॅलोप्युरिनॉलच्या सुरुवातीला सांध्यात साचलेले खडे विरघळायला लागतात, म्हणून अटॅक येऊ शकतो. त्यासाठी डॉक्टर लहान डोसने सुरू करतात आणि काही महिने सोबत अटॅक टाळायला कोल्चिसिन देतात. अंगावर पुरळ आली तर मात्र लगेच थांबवून दवाखाना. हायड्रोक्लोरोथायझाइडने युरिक अ‍ॅसिड वाढतं, बीपीची गोळी बदलता येईल का हे विचारा. स्वतः बदलू नका. आणि क्रिएटिनिन न बघता डायक्लोफेनॅक घेत राहणं धोक्याचं.

मुतखडा_त्रस्त
कुळथाचं पाणी प्या, माझा खडा पडला.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, इथे मुतखड्याचा विषय नाही.

बामणोदचा_बबन
भरिताला वांगी कुठली घेता ताई? बामणोदचीच घ्या. हिरवट पांढरी, काट्याची, कापसाच्या काड्यांवर भाजलेली. हल्ली लोक गॅसवर भाजतात आणि त्यालाच भरीत म्हणतात.

केळीबाग_रावेर
बामणोदचीच कशाला? वांगं ताजं हवं आणि तेल शेंगदाण्याचं. आणि वांगं वातूळ असतं, गाऊट म्हणजे वातरक्त. आजीपासून ऐकतोय, त्याला कुठला अमेरिकन अभ्यास नको.

सातपुडा_पायथा
काउंटरभाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पण म्हाताऱ्या माणसाचं सगळंच काढून घेतलं तर त्याने जगायचं कसं?

यावलची_लेक
हेच तर माझं म्हणणं आहे. नाना आधीच गप्प झालेत. डाळ-भाकरी परत मिळणार हे ऐकून आईला फोनवर रडू आलं. पण बिअर म्हणजे त्यांचा शनिवार आहे. तो मी कसा बंद करू? सहाही मित्र पिणारे.

भुसावळ_जंक्शन
शनिवार बंद करूच नका. माझ्या सासऱ्यांना हाच त्रास. घरच्यांनी मळ्यात जाणं बंद केलं तर ते घरात चोरून घ्यायला लागले. मग आम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या मित्राशी बोललो. मित्राने स्वतः सांगितलं, "तू ये, आमच्यात बस, तुझं ताक माझ्याकडे." त्यांनी मुलाचं ऐकलं नसतं, मित्राचं ऐकलं. आकडा खाली येऊन टिकल्यावर एखाद्या लग्नात पेग चालेल का ते डॉक्टरांनी नंतर ठरवलं. आत्ता अटॅक सुरू असताना थेंबही नको.

यावलची_लेक
नानांच्या एका मित्राला सांगून बघते, ते ऐकतील. उद्या क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड दोन्ही. रिपोर्ट आला की इथेच टाकते.

काउंटर_धुळे
टाका. आणि दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका.

बामणोदचा_बबन
वांगी हवी असतील तर सांगा, फैजपूरपर्यंत पोचवतो.