'न्यू दिल्ली टाइम्स' (१९८६): आजचाच सिनेमा की संपादकांच्या सुवर्णकाळाची आठवण?

रातवा: शशी कपूरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार कशासाठी मिळाला? बरेच जण 'दीवार' म्हणतील. मिळाला तो रमेश शर्मांच्या या पहिल्या चित्रपटासाठी. पटकथा गुलजारांची, छायाचित्रण 'पथेर पांचाली'वाल्या सुब्रत मित्रांचं (त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार), संगीत लुई बँक्सचं. एवढं असून नाव कुणाच्या तोंडी नाही. दूरदर्शनने दाखवायचं ठरवून ऐनवेळी कच खाल्ली, हेही त्यामागे असणारच.

विकास पांडे (शशी कपूर) दिल्लीच्या मोठ्या दैनिकाचा संपादक, मूळचा उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरचा. आमदाराचा खून, दंगल, विषारी दारूने गेलेली माणसं. संशय अजय सिंह या पुढाऱ्यावर (ओम पुरी). विकास लिहितो. धमक्या येतात, घरातलं मांजर मारलं जातं, गडी हटत नाही. (पाहायचा असेल तर पुढचं वाक्य सोडा.) शेवटी कळतं की त्याने जिवावर उदार होऊन खणलेली बातमी मुख्यमंत्र्यांच्याच सोयीची होती, आणि दोघा पुढाऱ्यांची दिलजमाईही होऊन गेली.

खोटी बातमी पेरणं कुणालाही जमतं. खरी बातमी प्रामाणिक माणसाच्या हाती वेळ साधून सोडणं, हा डाव आजही तसाच चालतो. म्हणून मला हा सिनेमा ताजा वाटतो.

कोरडा_पाषाण: साफ असहमत. विकासला वापरावं लागलं, कारण त्याने छापलं की खुर्च्या हलायच्या. आज पुढारी थेट मोबाइलवरून लोकांशी बोलतो, मध्ये संपादक लागतो कशाला? हा सिनेमा पाहून पत्रकार मंडळी हळवी होतात, कारण त्यात त्यांना मान आहे. फसवलं जाण्याइतकं महत्त्वाचं असणं, हेही सुखच की!

रातवा: टोला छान आहे. पण मोबाइलवर फिरणारा कागद कुठून सुटतो? कुठल्याही 'सूत्रांच्या माहितीनुसार'मागे एक सूत्र असतं आणि त्याला काहीतरी हवं असतं. निवडणुकीच्या तोंडावरच फायली कशा सापडतात हो?

चहा_कटिंग: मराठी माणसाला हे नवं नाही. 'सिंहासन' १९७९चा. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस आठवा. त्याला सगळं ठाऊक असतं, कोण कुणाला कापतोय तेही, आणि त्याच्या ठाऊक असण्याने काडीचा फरक पडत नाही. निळू फुल्यांचं ते शेवटचं हसणं अजून अंगावर येतं. विकासला शेवटपर्यंत वाटतं की आपण काहीतरी बदलतोय. मला दिगू जास्त खरा वाटतो.

कोरडा_पाषाण: याला मात्र अनुमोदन.

रातवा: दिगू मोठा आहेच, वाद नाही. पण तो प्रेक्षक आहे, विकास हत्यार आहे. दोन वेगळी दुःखं.

बांधावरून: काही वर्षं तालुक्याला बातमीदारी केली आहे म्हणून लिहिते. विकासच्या मागे काय काय आहे बघा: दिल्लीतलं घर, वकील बायको (शर्मिला टागोर), स्वतःच्या नावाचं वजन. आमच्याकडे बातमीदारालाच जाहिराती आणायच्या असतात. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी निघते, पानभर शुभेच्छा, खाली कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो. ते पैसे मीच गोळा करायचे आणि महिन्याने त्याच साहेबांच्या वाळूच्या डंपरवर बातमी मीच लिहायची? धमकी लागतच नाही. कुणाचं मांजर मारावं लागत नाही.

आणि गाझीपुरात दारूने मेलेली माणसं? ती विकासच्या शोधाला निमित्त म्हणून येतात. त्यांच्या घरी पुढे काय झालं, हे सिनेमालाही पडलेलं नाही आणि पेपरलाही नव्हतं. त्या अर्थाने म्हणाल तर हो, अगदी आजचा आहे.

रातवा: पुरवणीचा मुद्दा बिनतोड. पण ताई, मालकाचे हितसंबंध संपादकाच्या टेबलापर्यंत येतात, हे सिनेमाही म्हणतोच की.

बांधावरून: येतात, पण विकासला 'नाही' म्हणायची सोय आहे. नोकरी गेली तर दुसरा पेपर त्याला दारात उभं करेल. माझ्याकडे नेमणुकीचं पत्रसुद्धा नव्हतं.

कोरडा_पाषाण: मग त्या पुरवणीवर काढा सिनेमा. तो मी पाहीन.