मदत हवी आहे : ऑनलाइन एमएसडब्ल्यूसाठी गृहभेटीचं सिम्युलेशन

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) मुलांना शिकवते, यंदा एक बॅच ऑनलाइन आहे. पर्वती पायथ्याच्या वस्तीत पाठवण्याआधी सराव व्हावा म्हणून ट्वाइनवर (वाचणारा पर्याय निवडत पुढे जातो अशा गोष्टी रचायचं सॉफ्टवेअर; फुकट आहे, मराठीही चालतं) एक गृहभेट रचली. बाई दार अर्धवट उघडते, मागे सासू उभी. "सगळं ठीक आहे हो," म्हणत पदर मनगटावर ओढते. आता काय विचाराल? पर्याय तीन.

मुलं 'बरोबर' उत्तर हेरून पटापट क्लिक करतात! २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पाठ आहे, पण सासूसमोर मारहाणीचा विषय काढला तर बाईच गोत्यात येईल, हे आतपर्यंत पोचतच नाही.

क्लिकनंतरची चर्चा तुम्ही झूमवर कशी घेता? कुणाकडे मराठीत रचलेले प्रसंग आहेत का? व्हीआर नको, निम्मी मुलं मोबाइलवरच असतात.